पूल पार्लर निवडताना: टेबलाखाली वाकून बघणाऱ्या मामाचा सल्ला

भाचा यंदा सांगलीहून पुण्याला आला, इंजिनीअरिंगला. पहिल्याच आठवड्यात फोन. "मामा, इथे पूल, तो टेबलावर काठीनं बॉल ढकलायचा खेळ, खेळायला कुठे जाऊ? कॉलेजच्या आसपास पाच पार्लरं आहेत, रेट जवळपास सारखाच." म्हटलं, "रविवारी येतो. तोवर कुठे महिन्याचे पैसे भरून बसू नकोस."

मी टेबलांची कामं करतो. कापड बदलणं, लेव्हल काढणं, कुशनचं, म्हणजे बॉल आपटून परत येतो त्या कडेचं, रबर बदलणं. सतराव्या वर्षी एका जिमखान्याच्या बिलियर्ड रूममध्ये मार्कर म्हणून लागलो. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, बॉल उचलून परत जागेवर ठेवणारा, साहेबांच्या क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, टोकाची चामड्याची टिप चिकटवणारा आणि साहेब हरले की ऐकून घेणारा. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली कापड ओढायला शिकलो आणि तेव्हापासून टेबलाखालीच आहे म्हणा ना. त्यामुळे पार्लरमध्ये शिरलो की बाकीचे स्क्रीन बघतात, मी पाय बघतो. टेबलाचे.

पार्लरचे मालक मला नेहमी एकच प्रश्न विचारतात: "गिऱ्हाईक कशानं टिकतं हो?" निळे दिवे, मोठा टीव्ही, गुबगुबीत सोफा, सगळं करून झालेलं असतं. त्यानं पोरं एकदा येतात, फोटो काढतात. पण जो आठवड्यातून तीनदा खेळतो, त्याला आत आल्यावर "तीन नंबर रिकामं आहे का?" हेच विचारायचं असतं. त्याला तीन नंबरच का हवं असतं, हे ज्या मालकाला माहीत असतं त्याचं चालतं. तुम्ही खेळणारे असाल तर तुम्हाला ते दहा मिनिटांत स्वतःलाच शोधता येतं. कसं, ते सांगतो.

आधी वेळ. संध्याकाळी सातला जाऊन पार्लर जोखू नका, तेव्हा सगळीच ठिकाणं बरी दिसतात. सकाळी उघडल्या उघडल्या जा. पोरगा काय करतोय ते बघा. आधी फरशी पुसून मग टेबलावरचं आच्छादन काढत असेल तर ठीक. आच्छादनच नसेल तर रात्रभराची धूळ कापडात गेली. आणि टेबलाला ब्रश मारत असेल, एकाच दिशेनं, सावकाश, तर तिथेच थांबा, पुढचं निम्मं काम झालं. मी अशीही ठिकाणं बघितलीत जिथे टेबलावर फडकं ओलं करून फिरवतात, जसा डायनिंग टेबल पुसावा.

मग पांढरा बॉल हातात घ्या. क्यू नको. लांब कुशनच्या कडेनं, चार बोटं अंतर ठेवून, बॉल हातानंच इतका हळू सोडा की पलीकडच्या टोकाला जाता जाता त्याचा जीव जाईल. जोरात सोडलेला बॉल कुठल्याही टेबलावर सरळच जातो. टेबल आपलं खरं रूप शेवटच्या दोन फुटांत दाखवतं. आता पलीकडे जा आणि त्याच रेषेवरून परत सोडा. जाताना खिडकीकडे वळला आणि येतानाही खिडकीकडेच वळला, तर टेबलाला तिकडे ढाळ आहे. जाताना खिडकीकडे आणि येताना दाराकडे वळला, तर टेबल निर्दोष. तुमच्याच हातून बॉलला पीळ बसतोय. हे भाच्याला करून दाखवलं तर पहिल्या ठिकाणी त्याचा हातच वाकडा निघाला. पोरगं लाजलं.

ही परीक्षा पूल टेबलाची. स्नूकर हा मोठ्या टेबलावरचा भावंड खेळ, त्याच्या कापडाला लव असते, मखमलीसारखी, आणि हळू बॉल त्या लवेबरोबर थोडा सरकतोच. ही लव डीच्या बाजूकडून, म्हणजे जिथून खेळ सुरू करतात त्या अर्धगोलाच्या टोकाकडून, काळ्या बॉलच्या टोकाकडे जायला हवी. हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. नवीन होतो तेव्हा कोल्हापूरकडे एका ठिकाणी लव उलटी बसवली. दिवसभर खपून कापड असं ताणलं होतं की नखानं टिचकी मारली तर आवाज यावा. मालक खूश. संध्याकाळी एक वयस्कर खेळाडू आले, मधल्या पॉकेटवर एक अगदी हलका शॉट मारला, बॉल तोंडाशी जाऊन भलतीकडे कलला. त्यांनी क्यू टेबलाला टेकवला आणि विचारलं, "कापड कुणी लावलं?" एवढंच. मी रात्रभर खिळे उपटत बसलो होतो. पैसे अर्थातच मिळाले नाहीत.

ढाळ का येतो, तेही कळलं तर मालकाशी बोलताना उपयोगी पडतं. कापडाखाली लाकूड नसतं, दगड असतो, स्लेट. पूल टेबलात बहुधा तीन तुकडे, बारा फुटी स्नूकर टेबलात पाच. नऊ फुटी पूल टेबल चारशे किलोंच्या वर जातं, स्नूकरचं तर दीड टनाच्या घरात. एवढं वजन चार-आठ पायांवर आलं की खालची फरशी वर्ष-दोन वर्षांत कुठेतरी दबतेच. मग मी पाणसळ घेऊन जातो आणि कुठे पाय फिरवून, कुठे खाली पत्त्यांच्या कॅटमधला पत्ता सरकवून लेव्हल काढतो. हो, खराखुरा पत्ता. इस्पिकची राणी खाली घालून बसलेली टेबलं आहेत महाराष्ट्रात. तेव्हा एखादं टेबल उतरतंय म्हणून लगेच पार्लर बाद करू नका. मालकाला सांगा. तो "अरे हो, दोन नंबर ना, मिस्त्रीला बोलावलंय" म्हणाला तर चांगला माणूस आहे. "आजपर्यंत कुणी बोललं नाही" म्हणाला तर तिथून निघा, कारण सगळे बोललेले असतात.

स्लेटचे जोड बघायला मोबाईल पुरे. टॉर्च लावून फोन कापडावर आडवा ठेवा, उजेड कापडाला घासत गेला पाहिजे. आता टेबल म्हणजे संध्याकाळच्या उन्हातलं माळरान दिसेल. दोन तुकड्यांच्या जोडातलं मेण वर आलं असेल तर आडवी रेघ उठून दिसते. हळू बॉल तिथे टणकन उडतो. जिथे रॅक लावतात, म्हणजे सुरुवातीला बॉल त्रिकोणात रचतात, तिथे बारीक खळगे दिसतील, ब्रेकच्या, म्हणजे तो त्रिकोण फोडणाऱ्या पहिल्या शॉटच्या, दणक्यांनी पडलेले. खळगे फार झाले की पंधरा बॉल एकमेकांना चिकटून बसत नाहीत, आणि तुम्ही कितीही जोर लावा, ब्रेक फुसका जातो. पोरं स्वतःच्या मनगटाला दोष देत राहतात. कापडावर पांढुरके ठिपके दिसले तर घाबरायचं कारण नाही, ते बॉल घासून भाजल्याचे डाग. खेळल्या गेलेल्या टेबलाला ते असतातच. शिवण निघालेली, फाटून टेप मारलेली जागा मात्र माफ नाही.

कापडाची स्वच्छता बघायची सोपी रीत म्हणजे एक फ्रेम, म्हणजे एक डाव, खेळून स्वतःच्या कोपराखालचा हात बघा. निळा झाला असेल तर टेबलात आठवड्याचा चॉक, टिपेला घासतात तो निळा खडू, साठलाय. आईला घरी कळतं ते यावरूनच.

आता पॉकेट. कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडात दोन बॉल शेजारी शेजारी ठेवा. पूलचा बॉल सव्वादोन इंचांचा, म्हणजे दोन मिळून साडेचार. स्पर्धेच्या टेबलाचं कोपऱ्याचं तोंड साडेचार इंच किंवा त्याहून जेमतेम पाव बोटानं जास्त. दोन बॉल बसल्यावरही बाजूला अंगठा मावत असेल, तर त्या पॉकेटला मी विहीर म्हणतो. मालक मुद्दाम असली टेबलं घेतात. बॉल भराभर जातात, नवख्याला बरं वाटतं, तो परत येतो. खोटं नाही ते. मित्रांबरोबर शनिवारी हसायला-खिदळायला जायचं असेल तर विहिरीच बऱ्या. पण खेळ सुधारायचा असेल तर रुंद पॉकेटवर शिकलेला नेम दुसऱ्या टेबलावर गेल्यावर उघडा पडतो.

टेबल नक्की किती फुटी आहे हे कुणी धड सांगत नाही, "फुल साइज आहे सर" म्हणतात. क्यूच मोजपट्टी करा. क्यू असतो अठ्ठावन्न इंचांच्या आसपास. एक टोक एका लांब कुशनच्या कडेला लावून क्यू टेबलावर आडवा धरा. समोरच्या कुशनच्या बाहेर वीतभर उरला तर टेबल नऊ फुटी, खेळायची जागा शंभर इंच बाय पन्नास. सव्वा फूट उरला तर आठ फुटी. दोन्हीत चांगलं-वाईट नाही, पण ज्या मापावर स्पर्धा खेळायची असेल त्यावरच सराव करा.

कुशनसाठी एक जोरकस शॉट लांबीला मारा, मधोमध, पीळ न देता. बॉल चार लांब्या सहज गेला तर रबर जिवंत आहे. अडीच-तीनमध्ये दमला आणि आपटताना 'ठप्प' असा लाकडावर पडल्यासारखा आवाज आला, तर रबर दगड झालंय. सगळीकडून एकेकदा ऐका. बहुतेक वेळा एकच कुशन मेलेली असते, आणि नेहमी येणारी गिऱ्हाइकं ती बरोबर टाळून खेळतात.

पावसाळ्यात या सगळ्या परीक्षा थोड्या सैल करा. जुलैत पुण्यात कापड हवेतलं पाणी पितं, टेबल जड होतं, उन्हाळ्यात चार लांब्या जाणारा बॉल तितका जात नाही. तळघरातलं पार्लर असेल तर भिंतीच्या खालच्या वीतभर भागाचा रंग बघा. पोपडे असतील तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथे चिखलात खेळायचं आहे असं धरून चाला. आणि एसीचा डबा टेबलाच्या बरोबर वर नसावा. एका ठिकाणी नवं कापड लावून आलो, आठ दिवसांनी फोन: "तुमच्या कापडाला डाग पडला." जाऊन बघतो तर वरून थेंब थेंब पाणी, खाली ताटलीएवढा गोल. कापड माझं होतं, एसी त्यांचा.

जागेबद्दल एकच खूण सांगतो. क्यूच्या स्टँडकडे बघा. तिथे मधेच एखादा बुटका, अर्ध्या उंचीचा क्यू दिसला, तर समजा की कुठल्या तरी टेबलाला भिंत नाहीतर खांब आडवा येतो. नऊ फुटी टेबलाला चारही बाजूंनी क्यू मावायचा तर खोली किमान चौदा फूट बाय अठरा फूट लागते, आणि तेही क्यू मागे खेचायची जागा न धरता. पुण्यात भाडी बघता मालक दहा बाय दहाच्या तुकड्यांत विचार करतात आणि दोनच्या जागी तीन टेबलं बसवतात. मग ऐन काळ्या बॉलवर तुमची कोपर शेजारच्याच्या बरगडीत. बुटक्या क्यूनं खेळलेला शॉट आणि उधारीवर घेतलेला सदरा, दोन्ही अंगाला बसत नाहीत.

बाकीचे क्यू सरळ आहेत का बघायला लोक टेबलावर घरंगळवतात. त्यानं फसगत होते, टेबलच वाकडं असलं तर? डोळ्यापुढे बंदुकीसारखा धरून नजरेनं बघा आणि हळूहळू फिरवा. त्याहून महत्त्वाची टिप. टिप नखासारखी गुळगुळीत, चपटी झाली असेल तर चॉक धरणार नाही आणि बॉल निसटेल. ज्या पार्लरमध्ये दहातल्या सात क्यूंना धड टिप आहे, तिथे कुणीतरी आठवड्याला बसून ते काम करतंय. तो माणूस कोण हे शोधून काढा आणि त्याच्याशी नीट बोला. चहा पाजा. तुमच्या खेळाला कोचइतकाच त्याचा उपयोग आहे.

बॉल हातात घेऊन अंगठा फिरवा. चिकट लागला तर धुतलेले नाहीत. मळके बॉल एकमेकांना धरतात आणि नेम बरोबर असूनही बॉल पॉकेटच्या काठाला लागतो. चांगले बॉल फिनॉलिक रेझिनचे, बेल्जियमचे अरामिथ, महाग पण वर्षानुवर्षं टिकतात. स्वस्तातले लवकर पिवळे पडतात आणि कडेला टवके उडतात. पांढरा बॉल प्रत्येक शॉटला मार खातो, म्हणून तो आधी झिजतो. दुसऱ्या बॉलशेजारी ठेवून, डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघितलं की फरक कळतो.

उजेडाला फार बोलत नाही. बॉलची सावली बघा. एकच काळीकुट्ट सावली एका बाजूला पडत असेल तर दिवा चुकलाय, बॉलची कड नीट दिसणार नाही. निळे-जांभळे दिवे लावलेले असतील तर लाल आणि नारिंगी पट्ट्यांत तुमचा गोंधळ झाला नाही तरच नवल.

पैशाचं. "ताशी एवढे" आणि "फ्रेमला एवढे" यांत तुम्हाला कुठलं परवडतं ते तुमच्या खेळावर आहे. समजा ताशी एकशे ऐंशी, म्हणजे मिनिटाला तीन रुपये. दोघं नवखे वीस मिनिटं एक फ्रेम ओढतात, झाले साठ. फ्रेमला चाळीसवालं ठिकाण त्यांना स्वस्त. तेच दोघं सहा महिन्यांनी आठ मिनिटांत फ्रेम संपवायला लागले की मिनिटाचा हिशेब चोवीस रुपयांवर येतो. घड्याळ कधी सुरू होतं तेही विचारा: रॅक लावल्यावर की काउंटरवर नाव सांगितल्यावर? आणि बहुतेक ठिकाणी हरणारा बिल भरतो, हा रिवाज. तुमच्यापेक्षा फार चांगल्या माणसाबरोबर बसण्याआधी ते ठरवून घ्या. भाच्यानं नाही ठरवलं. पहिल्या महिन्याच्या मेसच्या पैशांतला काही भाग तिकडे गेला.

नियमही ठरवून घ्या. फाउल झाला तर पांढरा कुठेही ठेवायचा की नुसते दोन शॉट मिळतात, काळ्याचं पॉकेट बोलून दाखवायचं की नाही, हे प्रत्येक पार्लरात वेगळं. भिंतीवर लिहून लावलेलं असेल तर उत्तम. मी ज्या ज्या ठिकाणी भांडणं बघितली, त्यातली निम्मी याच दोन गोष्टींवरून.

आता माणसं. तुमचा खेळ बघून कुणी अनोळखी गोड बोलत "चल, पन्नास-पन्नास लावू" म्हणत आला, पहिले दोन डाव सहज हरला, तर बाथरूमला जातो म्हणून सांगा आणि घरी जा. एकदा कुणी विचारणं समजू शकतं. मालकाच्या डोळ्यांदेखत रोज चालत असेल, तर तिथे कधी ना कधी पोलीस येणार, आणि तुम्ही कशासाठी आला होतात हे तेव्हा कुणी विचारत नाही.

माझी मुलगीही खेळते. ती टेबलाच्या आधी बाथरूम बघते: आतून कडी लागते का, दिवा चालतो का. मग बघते की ती शॉटला वाकली की किती जण गप्प होतात. "बाबा, कापड तुम्ही बघा, हे मी बघते," म्हणाली. तिनं बाद केलेल्या एका पार्लरात मी स्वतः दोन टेबलांचं कापड लावलं होतं, नवंकोरं. मला वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं.

जिमखान्याचं काय, असं काही जण विचारतात. टेबलं तिथली सांभाळलेली असतात, शांतता असते, पण सभासदत्व लागतं आणि कॉलरचा शर्ट. भाच्याला मी सांगितलं की विल्सन जोन्स याच पुण्यात १९२२ साली जन्मले, १९५८ आणि १९६४ असे दोनदा बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. की पंकज अडवाणीही जन्मानं पुण्याचा. की स्नूकर हा खेळच १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये सुरू झाला असं मानतात. तो म्हणाला, "हो मामा, पण तिथे आत सोडतील का?" मुद्दा त्याचाच.

रविवारी आम्ही तीन ठिकाणं फिरलो. पहिलं: निळे दिवे, सोफे, आणि स्टँडमध्ये दोन बुटके क्यू. दुसरं: लेव्हल तंतोतंत, बॉल धुतलेले, पॉकेट साडेचारच्या आत-बाहेर, पोरगा ब्रश मारताना सापडला. मी मनात ठरवून टाकलं, हेच. तिसरं जुनं, एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर. टेबलाच्या लाकडी कडेवर सिगारेटी टेकवल्याचे काळे चटके, म्हणजे टेबल २००८च्या धूम्रपानबंदीच्या आधीपासूनचं. एक कुशन मेलेली. आणि बॉल खिडकीकडे उतरत होता, जाताना आणि येतानाही. तिथे चौघं खेळत होते, एक रिक्षावाले, एक बँकेतले, दोन पोरं. भाचा उभा राहून बघत होता, तर बँकेतल्यांनी न विचारता क्यू त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "ब्रेक तू कर."

महिन्यानं फोन केला, कुठे खेळतोस म्हणून. अर्थात तिसऱ्या ठिकाणी.

"अरे, टेबल उतरतंय ते!"

"माहितीये मामा. पण आता मला कळलंय किती उतरतं ते. खिडकीकडच्या पॉकेटला मी बोटभर आधीच नेम धरतो."

येत्या रविवारी पाणसळ आणि पत्त्यांचा कॅट घेऊन तिकडे जाणार आहे. मालकाला अजून कळवलेलं नाही. भाच्यालाही नाही, त्याचा नेम बिघडेल म्हणून आत्तापासूनच कुरकुर सुरू करेल.